मुळी गेली, मात्रा मागे राहिली : सर्पगंधेचा इतिहास

१/
ऑक्टोबर १९४९. 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात मुंबईच्या एका डॉक्टरांचा सहा पानांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विषय होता उच्च रक्तदाब आणि औषध होते एका भारतीय झुडपाची कडू मुळी. पुढच्या पाच वर्षांत ही मुळी न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात पोहोचली आणि दहा वर्षांत तिने मेंदूच्या अभ्यासाची दिशा बदलली. या मुळीचे नाव सर्पगंधा.

२/
वैद्यकाच्या इतिहासात सर्पगंधेची कीर्ती झाली ती रक्तदाबासाठी. पण इस्पितळात पोहोचण्यापूर्वी गोरगरिबांच्या घरांत ती दुसऱ्याच कारणासाठी उगाळली जात होती. बेचैन माणसाला झोप यावी, हे ते कारण. हा धागा त्या झोपेच्या मुळीचा आहे. ती रानातून बाहेर पडली, तेव्हा तिच्याबरोबर काय गेले आणि काय मागे राहिले, हा त्यातील मुख्य प्रश्न.

३/
प्रारंभ रानापासून करू. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर वसले आहेत. धो-धो पाऊस, साग-ऐनाची पानझडी जंगले, दऱ्यांतून वाहणाऱ्या नद्या आणि वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी या समाजांची पाडे-वस्ती. सर्पगंधेला मानवते ती अशीच भूमी: दमट, सावलीची, पालापाचोळ्याने भरलेली. सह्याद्रीच्या अशा उतारांवर ती मोठ्या झाडांच्या आडोशाने वाढते.

४/
आज शेजारी असलेल्या या दोन तालुक्यांवर ब्रिटिश काळात दोन वेगळ्या सत्ता होत्या. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. चौदाव्या शतकात उदयाला आलेले हे कोळी राज्य १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. मोखाडा मात्र थेट इंग्रजी अमलाखाली, ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेठा म्हणून होता. रान सलग, पण त्याचे मालक दोन. पालघर जिल्हा अस्तित्वात आला तो फार उशिरा, १ ऑगस्ट २०१४ रोजी.

५/
सरकारी दप्तराला रानाविषयी आस्था होती ती महसुलापुरती. १८७८च्या वन कायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष इतका वाढला, की १८८५ साली 'बॉम्बे फॉरेस्ट कमिशन' नेमावे लागले. १८८७ साली त्याचा अहवाल आला. वाद होता राबाचा, लाकडाचा, चराईचा. राब म्हणजे भात-नाचणीच्या रोपांसाठी जमिनीवर फांद्या-पाला जाळण्याची पद्धत. साग मोजला गेला, सरपण मोजले गेले. कोणती मुळी कोणत्या दुखण्यावर किती द्यावी, हे ज्ञान मोजण्याची फूटपट्टी त्या दप्तराजवळ नव्हती.

६/
ते ज्ञान माणसांजवळ होते. भगत, वैदू, सुईण, घरातील म्हातारी. यांतील भगताकडे देवकार्य आणि औषध दोन्ही असे. एका हाताने तांदळाचे दाणे पाहणारा हा माणूस दुसऱ्या हाताने झाडपाला ओळखत असे. हे ज्ञान लिहिलेले नव्हते. ते चालत-चालत, रानातच, एका पिढीकडून दुसरीकडे जाई. त्यामुळे ते टिकण्यासाठी दोन गोष्टी लागत: रान आणि बरोबर चालणारे मूल.

७/
आता झुडपाकडे पाहू. सर्पगंधा सहसा गुडघा-कमरेएवढीच वाढते. एकेका पेरावर तीन-चार पानांचे वेढे. पांढरी फुले, त्यांचे देठ लालसर. वाटाण्याएवढी फळे, पिकल्यावर जांभळट काळी. खरे धन जमिनीखाली: वेडीवाकडी, नागमोडी मुळी, चवीला जहाल कडू. मुळी हेच औषध असल्यामुळे ते मिळवायचे तर झुडूप उपटावेच लागते. ही साधी गोष्ट पुढच्या साऱ्या कथेत महत्त्वाची ठरते.

८/
तिला नावे अनेक. मराठीत हरकाया, अडकई, हिंदी पट्ट्यात छोटा चांद, बंगालीत चंद्रा. बिहारमध्ये तिचे एक नाव थेट कामावरूनच पडले: 'पागल की दवा'. जुन्या निघंटूंत 'नाकुली' हे नाव येते. ते नकुल म्हणजे मुंगसावरून. सापाशी झुंजण्यापूर्वी मुंगूस ही मुळी खाते, अशी समजूत सर्वत्र होती.

९/
मुंगसाची हीच कथा गोव्यात छापली गेली. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि १५६३ साली त्याचा औषधी द्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ गोव्यातच छापून निघाला. त्यातील एक संवाद 'सापाच्या लाकडा'वर आहे. सिंहलद्वीपातील मुंगूस, नाग आणि मुळी यांची हकिगत त्यात येते. त्या संवादातील एका वनस्पतीची ओळख अभ्यासक सहसा सर्पगंधेशी पटवतात. युरोपला ही मुळी कळली ती अशी: विषावरचा उतारा म्हणून.

१०/
या कीर्तीविषयी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सर्पगंधा सर्पविषावर उतारा नाही. ती दंश झालेल्याची घालमेल शांत करत असेल, पण विष उतरवत नाही. ते काम करते प्रतिसर्पविष; मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत ते बनवले गेले. जव्हार-मोखाड्यासारख्या भागात हा भेद जिवाशी गाठ घालणारा आहे. दंशानंतरचा प्रत्येक मिनिट इस्पितळाच्या वाटेवरच खर्च व्हावा लागतो.

११/
शास्त्रीय नावाची कथा तर अधिकच विलक्षण. शार्ल प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७०३ साली या कुळाला 'राऊवोल्फिया' नाव दिले, ते लिओनार्ड राऊवोल्फ या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ. राऊवोल्फ ऑग्सबर्गचा, १५७३ ते १५७६ या काळात त्याने सीरिया-इराककडे प्रवास केला. भारतात तो कधीच आला नाही. ज्याने हे झुडूप पाहिले नाही, त्याचे नाव झुडपाला कायमचे चिकटले. ज्यांनी ते रोज पाहिले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव इतिहासाला ठाऊक नाही.

१२/
मुंबई इलाख्यात या मुळीची पद्धतशीर नोंद विल्यम डायमॉक यांनी केली. ते मुंबईत सरकारी औषधभांडाराचे प्रमुख होते. वॉर्डन आणि हूपर यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा ग्रंथ १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध झाला. दक्षिण कोकणातून मुंबईत आलेले मजूर ही मुळी थोडीशी जवळ बाळगतात आणि पोटाच्या दुखण्यावर तिचा भरवसा धरतात, अशी त्यांची नोंद आहे.

१३/
या नोंदीत मिश्रणांचे प्रमाणही आहे. पोटशूळावर सर्पगंधेची मुळी एक भाग, कुड्याची दोन भाग, मोगली एरंडाची तीन भाग, दुधातून. तापावर किराईत, सुंठ आणि बीडलवणाबरोबर. ही यादी वाचताना एक गोष्ट लक्षात येते: कोकणातील माणूस मुळी एकटी देत नव्हता. तो तिला जोड देत होता, भाग मोजत होता. गिरणगावातील खोलीत गाठोड्यात बांधलेली ती मुळी म्हणजे गावाकडची एक संपूर्ण मोजणी होती.

१४/
झोपेची ठळक नोंद मिळते ती बिहारकडून. तेथे उन्मादाच्या रोग्याला ही मुळी दिली जाई आणि गरीब घरांतील आया रडक्या मुलांना निजवण्यासाठी तिचा उपयोग करत, असे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील वैद्यकीय लेखनात पुन्हा-पुन्हा येते. एकाच मुळीने वेड लागलेला प्रौढ शांत होतो आणि तान्हे मूलही झोपते. यांतील भेद राहतो तो केवळ मात्रेचा.

१५/
मात्रा हा शब्द मराठी घराला नवा नाही. बाळगुटीची साहाण आठवावी. जायफळ, वेखंड, हिरडा, मुरडशेंग: प्रत्येकाचे किती वेढे द्यायचे, हे आजीला तोंडपाठ असे. झोपेसाठी जायफळ, पण वेढे मोजूनच. महिन्यामहिन्याने वेढे वाढत. जायफळही अती झाले तर घातक, हे त्या मोजणीतच गृहीत होते. घरगुती औषधाचे खरे शास्त्र साहाणेवरच्या या मोजणीत होते.

१६/
मोजणी सुटली की काय होते, याचा पुरावा मुंबईच्या गिरण्यांनीच ठेवला आहे. कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांची नेमणूक केली होती. १९२२ साली सरकारी 'लेबर गॅझेट'मध्ये त्यांचा अहवाल आला. गिरणीत राबणाऱ्या स्त्रियांच्या शंभरातील ९८ बाळांना अफू दिली जाते, असे त्यात नमूद होते. अफूच्या या गोळ्यांना 'बाळागोळी' म्हणत.

१७/
कारण उघड होते. पाळणाघर नाही, रजा नाही, भोंगा झाला की आई साच्यावर. बाळ दिवसभर निजून राहणे ही बाळाची गरज नव्हती. ती गिरणीची गरज होती. साहाणेवरचे वेढे मोजणारी आजी गावाकडे राहिली आणि तिच्या जागी बाजारची तयार गोळी आली. वनस्पती तीच निद्रा देते. पण ती कोणासाठी, किती आणि कोणाच्या देखरेखीखाली, यावर तिचे औषध होते किंवा विष.

१८/
आता सर्पगंधेच्या कथेतील निर्णायक वर्ष: १९३१. दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमाँ सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतून स्फटिकरूप अल्कलॉइड वेगळे केले. त्यांतील एकाला त्यांनी 'अजमलिन' नाव दिले, ते हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ. या मुळीच्या इतिहासात एका भारतीय वैद्याचे नाव रसायनाला लाभले, असा हा विरळा प्रसंग.

१९/
त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 'इंडियन मेडिकल वर्ल्ड'मध्ये लेख लिहिला. या मुळीचे चूर्ण २० ते ३० ग्रेन, दिवसातून दोनदा दिल्यास रोग्याला झोप लागते, रक्तदाब उतरतो आणि उन्मादाची तीव्रता ओसरते, असे त्यांचे निरीक्षण होते. सेन स्वतः कविराज, म्हणजे आयुर्वेदाचे वैद्य. झोप, रक्तदाब आणि मन हे तिन्ही धागे एकाच लेखात आले होते. जगाने मात्र तो लेख वीस वर्षे वाचला नाही.

२०/
१९३३ साली कलकत्त्याच्या 'स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन'मध्ये रामनाथ चोप्रा आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून मुळीचा परिणाम तपासला. १९३४ साली 'हिमालया ड्रग कंपनी'ने तिच्या गोळ्या 'सर्पिना' या नावाने बाजारात आणल्या. मुळी आता गाठोड्यातून बाटलीत आली. देशभरातील डॉक्टर ती देऊ लागले. पण पाश्चात्त्य वैद्यकाच्या दृष्टीने तिचे अस्तित्व अजून सिद्ध झालेले नव्हते.

२१/
ते सिद्ध झाले परळला. सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि के.ई.एम. रुग्णालय ही विसाच्या दशकात उभी राहिलेली संस्था. अध्यापक भारतीयच असावेत, ही तिच्या देणगीमागची अट होती. १९११ साली मुंबईत जन्मलेले आणि लंडनमध्ये उच्च शिक्षण घेऊन १९३८ साली परतलेले डॉ. रुस्तम जाल वकील येथे हृदयरोगाचे काम करत. त्यांनी अनेक वर्षे सर्पगंधा वापरून पाहिली होती. अनुभवाला पुरावा हवा होता.

२२/
वकील यांनी उच्च रक्तदाबाचे ५० रुग्ण निवडले. आधी औषधाविना त्यांचा रक्तदाब पुन्हा-पुन्हा मोजला, मग चार आठवडे सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या आणि नंतरही नोंदी चालू ठेवल्या. बहुतेकांचा रक्तदाब उतरला. हाच १९४९चा तो निबंध. त्याचे मोठेपण नव्या शोधात नव्हते. वकील यांनी तसा दावाही केला नाही. लोकांना ठाऊक असलेली गोष्ट त्यांनी जगाला वाचता येईल अशा भाषेत, म्हणजे आकड्यांत, मांडली.

२३/
निबंध बॉस्टनला वाचला गेला. तेथील रॉबर्ट विल्किन्स यांनी मुळी मागवून आपल्या रुग्णांना दिली. रक्तदाब उतरला, पण आणखी एक गोष्ट घडली: रुग्ण निवांत झाले, त्यांची चिंता सरली. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथील 'सिबा' कंपनीत म्युलर, श्लिटलर आणि बाईन यांनी मुळीतील प्रमुख द्रव्य वेगळे केले: रेसर्पिन. लवकरच ते 'सर्पासिल' या नावाने विक्रीस आले.

२४/
मनोविकारांकडे या औषधाला नेणारी वाटही आपल्याच भागातून गेली. अहमदाबाद तेव्हा मुंबई राज्यात होते. तेथील डॉ. आर. ए. हकीम यांच्या सर्पगंधेवरील कामाची बातमी १९५३ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आली. ती नेथन क्लाइन यांच्या वाचनात आली. त्यांनी रॉकलंड येथील सरकारी मनोरुग्णालयात हे औषध वापरले आणि १९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बिहारच्या खेड्यातील 'पागल की दवा' न्यूयॉर्कला पोहोचली होती.

२५/
आजचा परिचित 'ट्रँक्विलायझर' हा शब्दही येथलाच. रेसर्पिनचा परिणाम नेहमीच्या झोपेच्या गोळ्यांसारखा नव्हता. माणूस गुंगत नसे. तो शांत होई आणि मग झोप आपोआप येई. हा वेगळेपणा सांगण्यासाठी १९५३ साली सिबाच्या योंकमन यांनी तो शब्द वापरला. १९५७ साली अमेरिकेतील मानाचा लास्कर पुरस्कार इतरांबरोबर क्लाइन यांना आणि परळच्या वकील यांनाही मिळाला. १९५८ साली वकील पद्मभूषण झाले.

२६/
मुळी नेमके काय करते, या प्रश्नाने विज्ञानाचे एक दार उघडले. १९५५ साली ब्रोडी आणि सहकाऱ्यांना दिसले, की रेसर्पिनमुळे मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता होतो. मग स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनी रेसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा दिले. ससे हलू लागले. या कामातून मेंदूतील डोपामिनचे महत्त्व उमगले आणि पार्किन्सनच्या उपचाराची वाट दिसली. २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळाले.

२७/
मात्रेचे गूढही येथेच उकलते. मज्जापेशींतील संदेशवाहक द्रव्ये छोट्या-छोट्या कुप्यांत साठवलेली असतात. रेसर्पिन ही साठवण बंद करते. साठा हळूहळू आटतो आणि पुन्हा भरायलाही वेळ लागतो. म्हणून परिणाम दिसायला दिवस लागतात आणि औषध थांबवल्यावरही तो दिवसचे दिवस राहतो. 'काल घेतली, काही झाले नाही, आज दुप्पट घेऊ' हा विचार या मुळीच्या बाबतीत सर्वाधिक धोक्याचा.

२८/
धोका लवकरच दिसला. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून डॉक्टरांच्या नोंदींत तक्रारी येऊ लागल्या: नाक चोंदणे, नाडी मंदावणे, पोटात आम्ल वाढणे, भयंकर स्वप्ने. काही रुग्णांना खोल औदासीन्याने घेरले, काहींच्या मनात आत्मघाताचे विचार आले. औदासीन्याशी असलेल्या संबंधावर पुढे संशोधकांत मतभेद झाले; पण सावधगिरीची सूचना औषधाबरोबर कायम राहिली. शांत झोपेसाठी घेतलेली मुळी दुःस्वप्नेही देऊ शकत होती.

२९/
दुसरी हानी रानाची. वाळलेल्या मुळीत रेसर्पिनचे प्रमाण साधारण हजारात एक भाग. म्हणजे किलोभर मुळीतून सुमारे एक ग्रॅम. पाव मिलिग्रॅमच्या गोळीच्या हिशेबाने त्या एका ग्रॅममध्ये चार हजार गोळ्या. ऐकायला भरपूर वाटते. पण लक्षावधी रुग्ण रोज गोळी घेऊ लागले, तेव्हा मुळ्या टनांच्या हिशेबाने लागल्या. बी कमी रुजते, मुळी तयार व्हायला दीड-दोन वर्षे तरी लागतात आणि काढताना झुडूप मरते. मागणीने रानाला मागे टाकले.

३०/
१९५६ साली हार्वर्डमध्ये वुडवर्ड यांनी रेसर्पिन प्रयोगशाळेत घडवले. रसायनशास्त्रातील तो पराक्रम मानला जातो. तरीही उद्योगाला मुळीच स्वस्त पडे. मग आफ्रिकेतील 'राऊवोल्फिया वॉमिटोरिया' या सर्पगंधेच्या भाऊबंदाकडे व्यापार वळला. दुर्मीळ वन्य प्रजातींच्या व्यापारावरील 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात भारतीय सर्पगंधा १९९० साली आली. रक्तदाबावर नवी औषधे आल्याने तोवर तिची वैद्यकीय सद्दी ओसरली होती. बोलावणारे निघून गेले. रान मात्र रिकामे झाले.

३१/
आज 'नैसर्गिक झोप' पुन्हा बाजारात आहे. त्यात नावांची गल्लत होते. अश्वगंधा आणि सर्पगंधा यांत 'गंधा' सोडले तर साम्य नाही. झाडे निराळी, कुळे निराळी, परिणाम निराळे. अश्वगंधेच्या लॅटिन नावातच 'सोम्निफेरा', म्हणजे निद्रा आणणारी, हा शब्द आहे. शिवाय सर्पगंधेच्या नावाखाली 'राऊवोल्फिया टेट्राफायला' या अमेरिकेतून आलेल्या झुडपाची मुळीही विकली जाते. तिच्यातील द्रव्यांचे प्रमाण वेगळे. वनस्पतीच चुकली, तर मोजलेली मात्राही निरर्थक ठरते. म्हणून ही मुळी घरगुती प्रयोगाची वस्तू नाही. तज्ज्ञ वैद्याच्या देखरेखीविना ती पोटात जाऊ नये.

३२/
पुन्हा जव्हार-मोखाड्याकडे येऊ. येथील असंख्य कुटुंबे पावसाळी शेती आटोपली की भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. मुलेही बरोबर जातात. वर्षातील कित्येक महिने पाडे ओस पडतात. मुळी ओळखणारा म्हातारा मागे राहतो आणि त्याच्याबरोबर रानात चालायचे मूल भट्टीवर असते. एकोणिसाव्या शतकात कोकणचा मजूर शहरात जाताना गाठोड्यात मुळी नेत होता. आजच्या मजुराच्या गाठोड्यातून ती नाहीशी होत चालली आहे.

३३/
कायद्याने या ज्ञानाची दखल उशिरा घेतली. २००२च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या यांची तरतूद केली. गावाचे ज्ञान वापरून कोणी व्यापार केला, तर त्या लाभात गावाचाही वाटा असावा, हे तत्त्व त्यात मान्य झाले. २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला गौण वनोपजावर हक्क दिला. नोंदवही कितपत जिवंत राहते, हे ती भरताना भगत आणि सुईण यांना विचारले जाते की नाही, यावर ठरेल.

३४/
सर्पगंधेच्या प्रवासात अनेकांना मान मिळाला आणि तो योग्यच होता. वकील यांच्या आकड्यांविना, सिद्दिकी यांच्या स्फटिकांविना, कार्लसन यांच्या सशांविना आजचे वैद्यक घडले नसते. पण मुळी खणून बाहेर नेताना जगाने तिच्याभोवतीची मोजणी मागेच ठेवली: कोणाला, किती, कशाबरोबर आणि केव्हा थांबायचे. प्रयोगशाळांना ती मोजणी नव्याने शिकावी लागली आणि मधल्या काळात तिची किंमत रुग्णांनी मोजली.

३५/
ज्या माणसाने पहिल्यांदा ही कडू मुळी उगाळून एका तळमळणाऱ्या जिवाला झोपवले, त्याचे किंवा तिचे नाव कोणत्याही ग्रंथात नाही. त्या व्यक्तीने मुळी ओळखली, हे मोठेच. त्याहून मोठे हे, की दुसऱ्या दिवशी तो जीव जागा होईल इतकीच तिने ती दिली. औषधाचा इतिहास लिहिताना शोधाची तारीख सहज सापडते. मोजणाऱ्या त्या हाताची नोंद मात्र अजून करायची आहे, आणि तो हात जोवर रानाच्या कडेला जिवंत आहे, तोवरच ती करता येईल.